मैदानावरची हौस, रुग्णांसाठी झोळी : रग्बीपटूंच्या निधीसंकलनाची दीर्घ परंपरा

इंग्लंड, स्कॉटलंड किंवा वेल्समधील एखाद्या लहान गावात हिवाळ्यातल्या शनिवारी दुपारी रग्बीचा सामना पाहायला गेल्यास प्रवेशद्वारापाशी तिकीट खिडकी बहुधा दिसत नाही. पुष्कळदा दिसते ती प्लास्टिकची बादली. तिच्यावर एखाद्या धर्मादाय संस्थेचे नाव चिकटवलेले असते आणि ती धरून उभा असलेला स्वयंसेवक तासाभरापूर्वी दुय्यम संघातून खेळून आलेला असतो. मैदानात उतरणारे तीस जण सुतार, शिक्षक, शेतकरी, परिचारक, कारकून असे कोणीही असतात. खेळल्याबद्दल त्यांना छदामही मिळत नाही. उलट वार्षिक वर्गणी आणि सामन्यागणिक काही पौंड ते स्वतःच क्लबला देतात. अशा पदरमोड करणाऱ्या हौशी खेळाडूंनी कर्करोग, चेतासंस्थेचे विकार, हृदयरोग, अपघातग्रस्तांची हवाई रुग्णसेवा आणि मरणासन्न रुग्णांची शुश्रूषा यांसाठी पैसा उभारावा, ही ब्रिटिश बेटांतील आता रुळलेली प्रथा आहे.

भारतात रग्बीचा प्रेक्षक अजून मोजका आहे. तरीही या प्रथेची ओळख दोन कारणांनी उपयुक्त ठरते. एक म्हणजे सामान्य माणसांच्या किरकोळ देणग्यांतून वैद्यकीय संशोधनाला बळ कसे मिळते, याचे हे ठळक उदाहरण आहे. दुसरे कारण अधिक अवघड आहे. ज्या आजारांसाठी हे खेळाडू झोळी फिरवतात, त्यांपैकी काही आजारांचा संबंध खुद्द रग्बीशी असावा, असे अलीकडचे संशोधन सुचवते.

मानधनाची बंदी आणि रुग्णालयांची गरज

रग्बीतील हौशीपणा हा केवळ स्वभाव नव्हता. तो शंभर वर्षे सक्तीचा नियम होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उत्तर इंग्लंडमधील क्लबांत गिरणी व खाण कामगार मोठ्या संख्येने खेळू लागले. सामन्यासाठी कामावर न गेल्याने बुडणाऱ्या मजुरीची भरपाई त्यांना मिळावी, अशी या क्लबांची मागणी होती. दक्षिणेकडील सुखवस्तू वर्गाच्या हाती असलेल्या रग्बी फुटबॉल युनियनने ती फेटाळली. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड येथील जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडील क्लबांनी वेगळी चूल मांडली आणि तिच्यातून पुढे तेरा खेळाडूंची ‘रग्बी लीग’ निपजली. पंधरा खेळाडूंच्या ‘रग्बी युनियन’ने मात्र मानधनावरील बंदी ऑगस्ट १९९५ पर्यंत उठवली नाही.

ही बंदी किती कडक होती, हे एका उदाहरणावरून कळते. इंग्लंडचे कर्णधार बिल ब्यूमाँट यांनी १९८२ मध्ये निवृत्त झाल्यावर आत्मचरित्राचे मानधन स्वतःकडे ठेवले आणि त्यामुळे त्यांचा हौशी दर्जा गेला. (हेच ब्यूमाँट पुढे जागतिक रग्बी संघटनेचे अध्यक्ष झाले, हा भाग वेगळा.) खेळाडूच्या खिशात पैसा जाणे निषिद्ध होते, सत्कार्याला तो देणे मात्र प्रतिष्ठेचे होते. रग्बी आणि दानधर्म यांचे नाते घट्ट होण्यामागे नियमांच्या या रचनेचाही वाटा असावा.

दुसरा धागा रुग्णालयांचा. ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू होईपर्यंत ब्रिटनमधील अनेक मोठी रुग्णालये स्वेच्छा देणग्यांवर चालत. मेळे, मिरवणुका, कामगारांची साप्ताहिक वर्गणी आणि खेळांचे सामने हे त्यांच्या उत्पन्नाचे नेहमीचे मार्ग होते. शिवाय रग्बीच्या आरंभकाळात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांचा मैदानावर मोठा राबता असे. लंडनमधील शिक्षण-रुग्णालयांच्या संघांमध्ये १८७५ पासून खेळली जाणारी ‘युनायटेड हॉस्पिटल्स कप’ ही जगातील सर्वांत जुनी रग्बी करंडक स्पर्धा मानली जाते.

सात खेळाडूंच्या रग्बीचा उगमही पैशांच्या चणचणीतच आहे. स्कॉटलंडच्या सीमाभागातील मेलरोझ येथील क्लबची तिजोरी रिकामी झाली, तेव्हा नेड हेग या खाटकाने १८८३ मध्ये छोट्या संघांची एकदिवसीय स्पर्धा भरवण्याची कल्पना मांडली. एका दिवसात अनेक सामने आणि एकाच तिकिटात भरपूर करमणूक, असे ते गणित होते. ट्विकनहॅम येथे १९२६ मध्ये सुरू झालेल्या मिडलसेक्स सेव्हन्स स्पर्धेने हेच गणित दानधर्मासाठी वापरले. लंडनमध्ये स्थायिक झालेले स्कॉटिश डॉक्टर जे. ए. रसेल-कारगिल यांनी ती उभी केली आणि तिचे उत्पन्न रुग्णालय निधीकडे वळवण्यात आले. ऑलिम्पिकमध्ये २०१६ पासून खेळला जाणारा हा प्रकार त्याआधी कित्येक दशके गावोगावच्या मदतनिधी स्पर्धांचा कणा होता.

याच काळातील एक भारतीय दुवा नोंदवण्याजोगा आहे. कोलकात्यात १८७२ च्या नाताळात रग्बीचा सामना झाला आणि पुढील महिन्यात ‘कलकत्ता फुटबॉल क्लब’ स्थापन झाला. काही वर्षांतच सभासद रोडावले. क्लबातील मोफत मद्य बंद झाल्याने उत्साह ओसरला, अशी आख्यायिका आहे. क्लब बंद करताना बँकेत शिल्लक असलेले चांदीचे रुपये काढून, ते वितळवून एक चषक घडवण्यात आला. नागाच्या आकाराचे तीन कान आणि झाकणावर हत्ती असलेला हा चषक १८७८ मध्ये रग्बी फुटबॉल युनियनला देण्यात आला. इंग्लंड आणि स्कॉटलंड १८७९ पासून ज्या ‘कलकत्ता कप’साठी झुंजतात तो हाच. शिल्लक रक्कम सभासदांत वाटून न घेता खेळाच्या नावे देऊन टाकण्याचा हा निर्णय दानधर्म नव्हता, पण त्याच वृत्तीचा म्हणता येईल.

पराभवाच्या चमच्यातून उभी राहिलेली संस्था

रग्बीप्रेमींच्या मदतकार्याला संस्थात्मक रूप आले ते एका चेष्टेतून. मार्च १९८३ मध्ये डब्लिन येथे आयर्लंडने इंग्लंडला २५-१५ असे हरवले आणि त्या मोसमातील स्पर्धेत इंग्लंड तळाला राहिला. तळाच्या संघाला काल्पनिक ‘लाकडी चमचा’ मिळतो, अशी या स्पर्धेतील जुनी थट्टा आहे. सामना पाहायला गेलेल्या पाच इंग्लिश चाहत्यांना आयरिश मित्रांनी खराच लाकडी चमचा, मफलरमध्ये गुंडाळून, तबकातून पेश केला. अपमान हसत स्वीकारून चाहते मायदेशी परतले आणि हा चमचा कोणाच्या घरी राहावा, हे ठरवण्यासाठी त्यांनी गोल्फचा सामना भरवला. त्यातून आठ हजारांहून अधिक पौंड जमले आणि विशेष गरजा असलेल्या मुलांच्या शाळेसाठी मिनीबस घेता आली. ‘वूडन स्पून’ ही रग्बीविश्वातील मुलांसाठीची धर्मादाय संस्था अशी जन्मली. आज तिच्या स्थानिक शाखा ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये पसरलेल्या असून संवेदन-उद्याने, उपचारकक्ष, अपंग मुलांसाठी खेळाच्या सोयी अशा कामांना ती अर्थसाह्य करते.

संस्थेच्या काही मोहिमा धाडसी आहेत. २०१५ मध्ये तिच्यासाठी दोन संघांनी उत्तर चुंबकीय ध्रुवाच्या परिसरात बर्फावर सामना खेळला. २०१९ मध्ये माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू आणि हौशी मंडळी यांनी एव्हरेस्टच्या तिबेटकडील बाजूस, सहा हजार मीटरपेक्षा अधिक उंचीवर, रग्बी खेळून विक्रम नोंदवला. अशा मोहिमांना प्रसिद्धी मिळते आणि निधीही भरघोस जमतो. परंतु सहभागींच्या प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च कोण उचलतो, हा प्रश्न देणगीदाराने विचारायलाच हवा. गावातल्या मैदानाभोवती चोवीस तास आळीपाळीने धावणाऱ्या क्लबला असा प्रश्न विचारावा लागत नाही, कारण तिथे खर्च जवळजवळ नसतोच.

डॉडी वेअर आणि एका असाध्य आजाराविरुद्धची मोहीम

गेल्या दशकात रग्बीतील मदतकार्याला सर्वाधिक वेग दिला तो ‘मोटर न्यूरॉन डिसीज’ या आजाराने. मेंदू आणि मज्जारज्जूतून स्नायूंना हालचालीचा आदेश पोहोचवणाऱ्या चेतापेशी या आजारात मरत जातात. आधी हाताची पकड सैल होते किंवा पाय अडखळतो. मग बोलणे, गिळणे आणि अखेरीस श्वास घेणे अशक्य होते. बुद्धी बहुतेकांची शाबूत राहते. भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांना हाच आजार होता, मात्र त्यांच्याइतके दीर्घायुष्य हा विरळा अपवाद होय. ब्रिटनमध्ये निदानानंतर निम्म्याहून अधिक रुग्ण दोन वर्षांच्या आत दगावतात. १९९०च्या दशकाच्या मध्यापासून उपलब्ध असलेले रिलुझोल हे औषध आयुष्य काही महिन्यांनी वाढवते. त्यापलीकडे बहुसंख्य रुग्णांसाठी हाती फारसे काही नाही.

दक्षिण आफ्रिकेचे विश्वविजेते खेळाडू योस्ट व्हॅन डर वेस्टहायझेन यांना २०११ मध्ये हे निदान झाले. त्यांनी रुग्णांसाठी प्रतिष्ठान काढले आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी जूनमध्ये स्कॉटलंडचे डॉडी वेअर यांनी आपल्यालाही हाच आजार असल्याचे जाहीर केले. सीमाभागातील शेतकरी कुटुंबात वाढलेले, साडेसहा फुटी उंचीचे, चौकड्यांचे भडक सूट घालणारे वेअर मैदानाबाहेरही लोकप्रिय होते. स्कॉटलंडसाठी ते ६१ सामने खेळले आणि त्यांच्या कारकिर्दीचा पूर्वार्ध हौशी युगातला होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यांनी ‘माय नेम’५ डॉडी’ या नावाचे प्रतिष्ठान स्थापले. नावातील पाचचा आकडा त्यांच्या पाठीवरच्या क्रमांकाचा; इंग्रजी ‘एस’ अक्षराशी त्याचे साम्य असल्याने तो नावात चपखल बसला. त्याच महिन्यात मरेफील्ड मैदानावर स्कॉटलंड-न्यूझीलंड सामन्याचा चेंडू घेऊन ते आपल्या तीन मुलांसह मैदानात आले, तेव्हा प्रेक्षागार उभे राहिले होते.

वेअर यांचे म्हणणे सरळ होते : रुग्णांना घरी जाऊन इच्छापत्र करायला सांगण्यापलीकडे वैद्यकशास्त्राने काहीतरी द्यावे. प्रतिष्ठानाने संशोधन आणि रुग्णसाह्य ही दोन उद्दिष्टे ठेवली. पैसा आला तो प्रामुख्याने क्लबांमधून. कोणी सायकलवरून देश ओलांडला, कोणी डोके भादरून घेतले, कोणी जुन्या जर्सींचा लिलाव मांडला, तर क्लबांच्या स्वयंपाकघरांतून केक आणि रश्शाच्या वाट्या विकल्या गेल्या. २६ नोव्हेंबर २०२२ रोजी वेअर यांचे निधन झाले, तोवर प्रतिष्ठानाने संशोधन व साह्यासाठी ८० लाखांहून अधिक पौंडांची तरतूद केली होती.

या प्रयत्नांतील सर्वांत कल्पक उपक्रम ‘डॉडी एड’ होय. स्कॉटलंडचे माजी कर्णधार रॉब वेनराइट यांनी तो सुरू केला. वेनराइट शिक्षणाने डॉक्टर आहेत आणि व्यवसायाने शेतकरी. करोनाच्या टाळेबंदीत क्लब बंद पडले आणि सामने थांबले, तेव्हा लोकांनी घराजवळच चालावे, धावावे, सायकल चालवावी आणि अंतर मोबाइलवर नोंदवावे, अशी ही योजना पुढे आली. स्कॉटलंडचे जुने रग्बी जिल्हे एकमेकांविरुद्ध किलोमीटर मोजू लागले. मायभूमीपासून दूर राहणाऱ्यांचा स्वतंत्र संघही झाला. २०२१ च्या जानेवारीतच त्यातून दहा लाखांहून अधिक पौंड जमले. ज्यांचे गुडघे कधीच निकामी झाले आहेत असे साठीतले माजी खेळाडूही यात आपल्या जिल्ह्यासाठी ‘खेळू’ शकतात, हे या योजनेचे मर्म आहे. मार्च २०२४ मध्ये इटली-स्कॉटलंड सामन्याचा चेंडू एडिनबर्गहून रोमला सायकलवरून नेण्यात आला, तोही याच मंडळींच्या पुढाकाराने.

रग्बी लीगमध्ये अशीच कथा लीड्स शहराने पाहिली. अवघ्या ५ फूट ५ इंच उंचीचे, सात क्रमांकाची जर्सी घालणारे रॉब बरो यांना डिसेंबर २०१९ मध्ये हाच आजार असल्याचे निदान झाले. त्यांचे सहकारी केव्हिन सिनफिल्ड यांनी डिसेंबर २०२० मध्ये सात दिवसांत सात मॅरेथॉन धावण्याचा संकल्प केला. लक्ष्य होते ७७,७७७ पौंडांचे. जमले २० लाखांहून अधिक. पुढील वर्षी त्यांनी लेस्टर ते लीड्स हे १०१ मैलांचे अंतर २४ तासांत कापले आणि त्यानंतरही दर हिवाळ्यात नवी मोहीम आखली. या सर्वांतून उभी राहिलेली रक्कम २०२४ पर्यंत एक कोटी पौंडांपलीकडे गेली. मे २०२३ मध्ये लीड्समध्ये बरो यांच्या नावाने मॅरेथॉन झाली. सिनफिल्ड यांनी संपूर्ण अंतर बरो यांची चाकाची खुर्ची ढकलली आणि अंतिम रेषेपाशी त्यांना उचलून घेतले. ती दृश्ये जगभर पोहोचली. सिनफिल्ड व्यावसायिक खेळाडू होते. पण त्यांच्या मागे धावलेले हजारो लोक नव्हते. बरो २ जून २०२४ रोजी निवर्तले. दुसऱ्याच दिवशी, आधी ठरल्याप्रमाणे, लीड्समधील सीक्रॉफ्ट रुग्णालयाच्या आवारात त्यांच्या नावाच्या उपचारकेंद्राचे भूमिपूजन त्यांच्या आईवडिलांच्या हस्ते झाले. हे केंद्र २०२५ मध्ये उभे राहिले.

पैसा जमला, औषध सापडले का? प्रामाणिक उत्तर, अद्याप नाही. वेअर यांच्या प्रतिष्ठानाने साह्य केलेली ‘एमएनडी-स्मार्ट’ ही चाचणी एडिनबर्ग विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली २०२० मध्ये सुरू झाली. एकाच वेळी अनेक औषधे एका समान तुलनागटाशी पडताळून पाहण्याची तिची पद्धत वेळ वाचवते. तपासलेली पहिली दोन्ही औषधे, मेमँटिन आणि ट्रॅझोडोन, निरुपयोगी ठरल्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले आणि त्यांच्या जागी इतर औषधांची तपासणी पुढे सुरू राहिली. देणगीदाराला हे निराशाजनक वाटेल. पण कोणते औषध चालत नाही, हे ठामपणे कळणे हेही संशोधनच आहे आणि अशा नकारार्थी चाचण्यांना पैसा देणारे उद्योग थोडेच असतात. या मोहिमांचा दुसरा परिणाम राजकीय होता. वेअर, बरो आणि फुटबॉलपटू स्टीफन डार्बी यांच्यासह रुग्णसंघटनांनी रेटा लावल्यावर ब्रिटिश सरकारने नोव्हेंबर २०२१ मध्ये या आजाराच्या संशोधनासाठी पाच वर्षांत पाच कोटी पौंड देण्याचे जाहीर केले. प्रत्यक्ष निधी मिळण्यास विलंब झाल्याबद्दल सरकारवर टीका झाली आणि वेअर यांच्या निधनानंतरच त्याला गती आली.

सदिच्छा आणि हिशेब यांची गल्लत कशी होते, याचा धडाही याच कथेत आहे. २०१८ मध्ये वेल्स आणि स्कॉटलंड यांच्यातील सामन्यासाठी ‘डॉडी वेअर कप’ जाहीर झाला. मात्र त्या सामन्याच्या उत्पन्नातून प्रतिष्ठानाला काही देण्याची योजना आरंभी नव्हती. ही बाब उघड होताच चाहत्यांनी झोड उठवली आणि दोन्ही देशांच्या संघटनांना लक्षावधी पौंडांच्या घरातील रक्कम देण्याचे मान्य करावे लागले. गावातला क्लब बादलीतले शेवटचे नाणे मोजून पोहोचवत असताना राष्ट्रीय संघटनांनी केवळ नाव वापरावे, हे लोकांना रुचले नाही आणि ते योग्यच होते.

खेळच आजाराचे कारण?

ऑक्टोबर २०२२ मध्ये ग्लासगो विद्यापीठातील संशोधकांनी स्कॉटलंडच्या ४१२ माजी आंतरराष्ट्रीय पुरुष रग्बीपटूंची तुलना सर्वसामान्य लोकसंख्येतील बाराशेहून अधिक समवयस्क पुरुषांशी केली. खेळाडूंपैकी सुमारे ११.५ टक्के आणि इतरांपैकी सुमारे ५.५ टक्के लोकांना चेतासंस्थेच्या ऱ्हासाचा आजार झाल्याचे आढळले. स्मृतिभ्रंशाचा धोका दुपटीहून किंचित अधिक, पार्किन्सनचा तिपटीच्या आसपास, तर मोटर न्यूरॉन आजाराचा तब्बल पंधरा पट निघाला. कोणत्या जागी खेळले, यावरून धोक्यात फरक पडला नाही. यांतील अनेक जण हौशी युगात खेळलेले होते.

हे आकडे जपून वाचले पाहिजेत. मोटर न्यूरॉन आजार मुळात दुर्मीळ असल्याने शेकड्यांतील गटात मोजक्या रुग्णांवरून पटी काढली जाते आणि तिची अचूकता मर्यादित राहते. डोक्याला वारंवार बसणारे हादरे, अतिशय तीव्र व्यायाम आणि आनुवंशिकता यांपैकी कशाचा किती वाटा, हे ठरलेले नाही. आंतरराष्ट्रीय खेळाडूंवरून गावच्या तिसऱ्या संघातील खेळाडूचा धोका काढता येत नाही. तरीही नावे वाढत आहेत. ग्लॉस्टरचे एड स्लेटर यांना २०२२ मध्ये निदान झाले आणि काही दिवसांतच त्यांनी निधीसाठी ३५० मैलांची सायकलफेरी केली. २००३ च्या विश्वविजेत्या इंग्लंड संघातील लुईस मूडी यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्याला हाच आजार असल्याचे सांगितले. त्याच संघातील स्टीव्ह थॉम्प्सन यांनी ऐन चाळिशीत स्मृतिभ्रंश झाल्याचे २०२० मध्येच उघड केले होते आणि विश्वचषकाचा अंतिम सामना आठवत नसल्याचे सांगितले होते. माजी खेळाडूंच्या गटांनी नियामक संस्थांविरुद्ध न्यायालयात दावेही दाखल केले आहेत.

अशा स्थितीत निधीसंकलन ही पापक्षालनाची सोय ठरू नये, अशी टीका होते. टीकेत तथ्य आहे. संशोधनाला पैसा देणे आणि मैदानावरील धोका कमी करणे ही दोन वेगळी कर्तव्ये असून पहिल्याने दुसरे फिटत नाही. इंग्लंडमध्ये जानेवारी २०२३ मध्ये हौशी सामन्यांत टॅकलची उंची कमरेपर्यंत आणण्याचा निर्णय जाहीर झाला. सल्लामसलत न केल्याने क्लब संतापले, संघटनेला माफी मागावी लागली आणि अखेर छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत मर्यादा ठरली. आजारासाठी उदारपणे देणारे काही खेळाडू खेळाचा नियम बदलायला मात्र राजी नव्हते, हे या वादातून दिसले.

दुखापतग्रस्तांची जबाबदारी खेळाने पूर्वीपासून काही प्रमाणात उचलली आहे. मार्च २००५ मध्ये इंग्लंडच्या २१ वर्षांखालील संघाच्या सरावात स्क्रम कोसळून मॅट हॅम्पसन यांचे मानेखालचे शरीर लुळे पडले. श्वासही यंत्राच्या साह्याने घ्यावा लागतो. त्यांनी स्थापलेल्या प्रतिष्ठानाने लेस्टरशायरमध्ये पुनर्वसन केंद्र उभारले असून खेळात गंभीर इजा झालेली तरुण मुले तिथे व्यायाम आणि समुपदेशनासाठी येतात.

गावोगावच्या क्लबांची निवड बहुतेकदा इतकी मोठी नसते, पण तिच्यामागे अनुभव असतो. इंग्लंड आणि वेल्समधील हवाई रुग्णवाहिका मुख्यतः लोकदेणग्यांवर उडतात आणि एखाद्या खेळाडूला त्यांनीच मैदानावरून उचलून नेलेले असते. मरणासन्न रुग्णांची काळजी घेणाऱ्या ‘हॉस्पिस’ संस्थांनाही खर्चाचा मोठा भाग दानातून उभारावा लागतो. एखादा तरुण खेळाडू हृदय थांबून अचानक गेला, की त्याचा क्लब १९९५ मध्ये स्थापन झालेल्या ‘कार्डिअॅक रिस्क इन द यंग’सारख्या संस्थेसाठी निधी जमवतो. मग त्याच क्लबच्या आवारात पस्तिशीच्या आतील मुलामुलींची हृदयतपासणी होते आणि भिंतीवर हृदयाला विद्युतधक्का देणारे यंत्र बसते. नोव्हेंबरात मिशा वाढवण्याची टूम २००३ मध्ये मेलबर्नच्या दोन मित्रांनी काढली. ‘मोव्हेंबर’ या नावाने ती पुरुषांच्या प्रोस्टेट व वृषण कर्करोगासाठी निधी उभारणारी जागतिक चळवळ झाली आणि रग्बी क्लबांत ती चटकन रुजली. मोसम ऐन भरात असतो आणि चेष्टेला आयता विषय मिळतो. डॉक्टरकडे जायला टाळाटाळ करणारा पुरुष कपडे बदलण्याच्या खोलीतल्या थट्टेतून तपासणीला तयार होतो, हा तिचा पैशात न मोजता येणारा लाभ. प्रत्येक क्लबात मानसिक आरोग्यासाठी एक प्रशिक्षित माणूस असावा, असा आग्रह धरणारी ‘लूजहेड्झ’ ही संस्था रग्बीतूनच पुढे आली आहे.

पैशाची वाट

ब्रिटनमध्ये १९९० पासून ‘गिफ्ट एड’ ही सवलत आहे. करदात्याने एक पौंड दिला, तर संस्थेला सरकारकडून आणखी २५ पेन्स मिळतात. लॉटरीच्या चिठ्ठीला ही सवलत नाही, कारण चिठ्ठी घेणाऱ्याला मोबदल्याची आशा असते. बादलीतल्या सुट्या नाण्यांसाठी छोट्या देणग्यांची वेगळी योजना आहे. धावणाऱ्याच्या नावे संकेतस्थळावर पान उघडले जाते आणि रक्कम खेळाडूच्या खात्यात न येता थेट संस्थेकडे जाते. संशयाला जागा न उरण्याचे हे मोठे कारण आहे. भारतात १९६१ च्या आयकर कायद्यातील ८०जी कलमाने रुजवलेली पद्धत याहून निराळी : सवलत संस्थेला नव्हे, देणगीदाराला, तीही पात्र संस्थेला दिलेल्या देणगीवरच. २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीवर वजावट मिळत नाही आणि नवी करप्रणाली निवडणाऱ्या व्यक्तीला तिचा फायदा नाही. त्यामुळे सामन्यात टोपी फिरवून जमलेल्या रोकडीपेक्षा पावतीसह थेट संस्थेच्या खात्यात गेलेला पैसा देणाऱ्या-घेणाऱ्या दोघांच्याही सोयीचा ठरतो.

भारतीय रग्बी स्वतःच अजून आधाराच्या शोधात आहे. मुंबईत बॉम्बे जिमखान्याने हा खेळ दीर्घकाळ जिवंत ठेवला आणि राष्ट्रीय संघटनेचे केंद्रही याच शहरात आहे. भुवनेश्वरच्या कलिंग इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमधील आदिवासी मुलांनी २००७ मध्ये लंडन येथे १४ वर्षांखालील शालेय स्पर्धा जिंकली. कोलकात्यात माजी ब्रिटिश राजनैतिक अधिकारी पॉल वॉल्श यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला ‘जंगल क्रोज’ क्लब वस्त्यांतील मुलामुलींपर्यंत रग्बी नेतो. इथे अजून रग्बीसाठीच पैसा जमवावा लागतो. रग्बीतून इतरांसाठी पैसा जमवण्याची वेळ यायची आहे. धावण्याच्या बाबतीत मात्र भारताने तो टप्पा ओलांडला आहे. २००४ मध्ये सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनमध्ये कर्करोगापासून दृष्टिदोषापर्यंत नाना कारणांसाठी काम करणाऱ्या संस्थांच्या नावाने दरवर्षी हजारो हौशी धावपटू उतरतात. ही शर्यत जानेवारीत होते. त्याच दिवसांत, सात-आठ हजार किलोमीटर दूर, स्कॉटलंडच्या गारठ्यात ‘डॉडी एड’चे लोक आपापल्या जिल्ह्यासाठी किलोमीटर नोंदवत असतात.